थंड चुलीचे दिवस

२०२४ सालचा ऑगस्ट बडोदेकर विसरणार नाहीत. त्या वर्षी २४ ऑगस्टला, शनिवारी, रांधण छठ आली. शेजारच्या गुजराती घरांत दिवसभर कढई उतरली नाही. थेपले, बाजरीची ढेबरी, गोड पुऱ्या, वडे, सुखडी असे डब्यांवर डबे भरले गेले. रात्री चूल, म्हणजे आताची गॅसची शेगडी, स्वच्छ पुसून तिला कुंकू लावून ठेवण्यात आले. रविवारी शीतळा सातम. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, आदल्या दिवशी केलेले गार अन्न खायचे. सोमवारी जन्माष्टमी. त्या सुमारास पावसाने ठाण मांडले आणि पुढच्या एक-दोन दिवसांत विश्वामित्रीचे पाणी ३५ फुटांच्या वर गेले.

सखल भागांतल्या तळमजल्यांत पाणी शिरले. अनेक भागांत वीज बंद होती. दूधवाला नाही, भाजीवाला नाही, दुकाने पाण्यात. तळमजल्यावरची कुटुंबे वरच्या मजल्यावर गेली आणि एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे झाली. अशा वेळी पहिला दिवस कितीतरी घरांनी काढला तो शनिवारी भरलेल्या डब्यांवर. देवीच्या व्रतासाठी केलेली बेगमी पुरात उपयोगी पडली हा योगायोग खरा. पण घरात चूल न पेटताही माणसे जेवू शकतात, ही समज योगायोगाने आलेली नव्हती. ती पिढ्यान्पिढ्या जपलेली होती.

त्या दिवसांत मनात आले, की आपल्या मराठी घरांतही ही समज होतीच. ती कुठून आली, कशी टिकली आणि आता तिचे काय झाले, हे एकदा नीट मांडून पाहावे. आपल्याकडे चुलीचा इतिहास अधूनमधून लिहिला जातो. चूल बंद असताना घर कसे चालले, याचा मात्र कुणी फारसा विचार केलेला दिसत नाही. जरा शोधले की एक साधी गोष्ट ध्यानात येते. विस्तवाशिवाय घर चालते असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो विस्तव कुणीतरी आधीच पेटवलेला असतो, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी दुसरीकडे पेटवलेला असतो.

दोन सप्तम्या, दोन कहाण्या

गायकवाडांच्या फौजेबरोबर आणि पुढे त्यांच्या दरबारात, कारखान्यांत, शाळा-कचेऱ्यांत नोकरीसाठी मराठी कुटुंबे बडोद्यात आली. १७३४ मध्ये गायकवाडांनी बडोदे घेतले तेव्हापासून धरले, तर या वस्तीला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली. येताना त्यांनी आपले सण आणले आणि इथले सण पाहिले. त्यात एक गंमत झाली. थंड चुलीचा दिवस दोन्हीकडे होता, पण तिथी वेगळी होती.

आपली शीतला सप्तमी, जिला जुन्या बायका शिळासप्तमी म्हणत, ती श्रावण शुद्ध सप्तमीची. गुजरातेतली शीतळा सातम श्रावण वद्य सप्तमीची, गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशीची. माळव्यात आणि ग्वाल्हेरकडे हेच व्रत होळीनंतर येते. आपल्या पंचांगाने तो फाल्गुन वद्य पक्ष, उत्तरेच्या पंचांगाने चैत्र वद्य. तिथे त्याला बासौडा म्हणतात. बासी म्हणजे शिळे. इंदूर-ग्वाल्हेरच्या आपल्या नातेवाइकांना हा शब्द सांगायला नको. तीन प्रदेश, तीन तिथ्या, नियम एकच. आज चूल पेटवायची नाही.

गुजराती कथा अशी. दोन जावा. धाकट्या जावेला छठीच्या रात्री रांधता रांधता झोप लागली आणि चूल तशीच धगधगत राहिली. रात्री शीतळा माता घरोघरच्या चुलींत लोळण घ्यायला आली. थंड राखेने तिचा दाह शांत व्हायचा, तर इथे ती भाजली. तिने शाप दिला आणि सकाळी पाळण्यातले मूल भाजून गेलेले दिसले. ती सून मुलाला टोपलीत घेऊन देवीच्या शोधात निघाली. वाटेत एका झाडाखाली डोके खाजवीत बसलेली एक म्हातारी भेटली. आपले दुःख बाजूला ठेवून सुनेने तिचे डोके पाहून दिले. म्हातारीला बरे वाटले. ती म्हातारी म्हणजेच शीतळा. मूल उठून बसले.

आपली कहाणी निराळी. राजाने तळे बांधले, पण त्याला पाणी लागेना. जलदेवतेने नातवाचा बळी मागितला. सून माहेरी गेलेली असताना नातवाला जेवूखाऊ घालून, नटवून तळ्यात निजवले आणि तळे भरले. पुढे सून परत येताना त्या तळ्याशी थांबली. सप्तमीचा दिवस होता. तिने पाण्याची पूजा केली, काकडीच्या पानावर दहीभात आणि लोणचे ठेवून नैवेद्य दाखवला आणि पाण्यात सोडला. तेव्हा तिचे पाय कुणीतरी ओढू लागले. पाहते तो तिचाच मुलगा.

एका कथेत राख आहे, दुसरीत पाणी. दोन्हींत मूल हातचे जाते आणि परत मिळते. दोन्हींत थंडाव्याला मान आहे. बडोद्यात वाढलेल्या कितीतरी मराठी मुलींनी श्रावणाच्या पहिल्या पंधरवड्यात आजीकडून एक कहाणी ऐकली आणि दुसऱ्या पंधरवड्यात शेजारच्या बाकडे बसून दुसरी.

मूल जाण्याची ही भीती कल्पनेतली नव्हती. शीतला ही देवीच्या रोगाची देवता. गाढवावर बसलेली, हातात केरसुणी आणि कलश, डोक्यावर सूप. आपल्या भाषेत तर रोगाचेच नाव देवी. देवी आल्या, देवी टोचल्या, तोंडावर देवीचे वण. ज्या घरात देवी आल्या त्या घरात फोडणी घालत नसत, तळण करत नसत, दाराला कडुनिंबाचा पाला बांधत. आजाऱ्याला उग्र वास आणि धूर नको, हे त्यामागचे एक कारण असावे. मला दुसरेही दिसते. ज्या घरात मूल तापाने फणफणले आहे, तिथल्या आईला चुलीपाशी दोन-दोन तास बसणे शक्यच नव्हते. लाकूड फुंकून पेटवायचे, जाळ सांभाळायचा, भाकरी थापायची आणि मुलाजवळही बसायचे, हे एका बाईने कसे करावे? आधी करून ठेवलेले किंवा शेजारणीने आणून दिलेले, यावरच ते घर चालणार. वर्षातून एक दिवस सगळ्या घरांनी चूल थंड ठेवून जेवायचे, हा नियम म्हणजे तशा दिवसांची तालीमच होती असे म्हणता येईल.

देवीची लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली ती मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्यानंतर जवळजवळ पावणेदोनशे वर्षे गेली. १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. रोग गेला, व्रत राहिले आणि व्रताबरोबर गार अन्न टिकवण्याची विद्याही राहिली.

डब्यात काय टिकते

रांधण छठीच्या डब्यांत काय असते ते नीट पाहिले, तर त्यात काय नसते हेही दिसते. पातळ वरण नसते, रसभाजी नसते, मोकळा भात सहसा नसतो. श्रावणातल्या दमट हवेत अन्न नासते ते त्यातल्या पाण्यामुळे. म्हणून पाणी काढून टाकायचे, नाहीतर त्यात आंबट, खारट किंवा गोड इतके घालायचे की ते लवकर बिघडू नये. पुरी तळली की तिच्यातले पाणी उडते. थेपल्याच्या कणकेत पाणी कमी आणि तेल, दही जास्त. सुखडी म्हणजे तुपात भाजलेली कणीक आणि गूळ, तिच्यात पाणी जवळजवळ नाहीच. बाजरीच्या कच्च्या पिठात तूप-गूळ मिसळून वळलेली कुलेर तर विस्तवापर्यंत जातच नाही.

भाताची गोष्ट वेगळी. शिजलेला भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला तर त्यात असे जंतू वाढतात, की त्यांनी तयार केलेले विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. आजींना जंतूंचे नाव ठाऊक नव्हते, पण शिळा भात उन्हाळ्या-पावसाळ्यात मुलांना देऊ नये हे ठाऊक होते. आपल्या कहाणीत सून दहीभात ठेवते, त्यातही शहाणपण आहे. दह्याच्या आंबटपणामुळे तो साध्या भातापेक्षा थोडा अधिक निभावतो.

मराठी फडताळातला साठा याच हिशेबाने लावलेला असे. प्रवासाला निघताना दशम्या करत. पाण्याऐवजी दुधात कणीक भिजवली की ती पोळी मऊ राही आणि सोवळ्याच्या हिशेबातही वाटेवर चाले. मेतकूट म्हणजे डाळी, तांदूळ, गहू, धने-जिरे भाजून दळलेले पीठ. ते दह्यात कालवले की पोळीबरोबर तोंडीलावणे झाले. डांगर म्हणजे भाजलेल्या उडदाच्या डाळीचे पीठ. ताकात कालवून कांदा, तिखट, मीठ, हिंग घातले की झाले. सातूचे पीठ म्हणजे भाजलेले गहू आणि डाळे, गूळ-पाण्यात किंवा दुधात कालवायचे. वाटीभर सातूवर मोठा माणूस अर्धा दिवस काढी. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी, लोणचे, गूळ, तूप, भिजवलेले मूग, काकडीची कोशिंबीर. यातले काहीही ऐन वेळी शिजवावे लागत नाही.

यातल्या बहुतेक वस्तूंत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, भाजलेले. कोरड्या विस्तवावर धान्यातले पाणी उडवून, त्याचा कच्चेपणा घालवून ते बरणीत भरले जाते. चार महिन्यांपूर्वीच्या उन्हाळ्यात पेटवलेली चूल त्या बरणीत असते. ज्या घरात बरण्या भरलेल्या, त्या घराची चूल एखादा दिवस थंड राहिली तरी कुणी घाबरत नसे.

भडभुंज्याची भट्टी

सगळेच भाजणे घरी होत नसे. त्यासाठी गावात भडभुंजा होता. त्याची भट्टी, तीवर मोठी कढई, कढईत तापलेली वाळू. ओलावून मुरवलेले हरभरे त्या वाळूत टाकायचे, झाऱ्याने भराभर हलवायचे आणि चाळणीत घेऊन वाळू खाली पाडायची. दाणा आतल्या वाफेने फुगतो, फुटतो आणि शिजतो. फुटाणे, डाळे, चुरमुरे, ज्वारीच्या लाह्या हे सारे याच रीतीने. पोह्यांचा प्रकार थोडा वेगळा. साळ भिजवायची, भाजायची आणि गरम असतानाच चेपायची. म्हणून पोहे म्हणजे एकदा शिजून झालेला तांदूळ. तो नुसत्या पाण्याने किंवा दह्याने मऊ होतो, त्याला पुन्हा विस्तव लागत नाही.

गरिबाला भडभुंज्याचे महत्त्व अधिक होते. ज्याच्या घरी लाकूडफाटा नाही, भांडे नाही, किंवा ज्याला घरच नाही, तो एका आण्याच्या फुटाण्यांवर आणि गुळावर पोट भरू शके. शेकडो माणसांचा विस्तव एका भट्टीत पेटे आणि लाकूडही वाचे.

धावत्या फौजेला तर चूल मांडायला सवड नसेच. थोरल्या बाजीरावांविषयीची एक आख्यायिका ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिली आहे. निजामाने चित्रकार पाठवला आणि सांगितले, की बाजीराव प्रथम ज्या स्थितीत दिसेल त्या स्थितीत त्याचे चित्र काढून आण. चित्रात दिसले ते असे, की घोड्यावर बसलेला बाजीराव, भाला खांद्यावर टेकलेला, आणि दोन्ही हातांनी ज्वारीची कणसे चोळून दाणे खात चाललेला. ही गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, मराठी स्वार कसा जेवत असे याबद्दल लोकांची समजूत काय होती ते तिच्यातून कळते. हेच बाजीराव १७३१ च्या १ एप्रिलला आपल्या बडोद्याजवळच्या डभईपाशी, भिलापूरला, त्र्यंबकराव दाभाड्यांशी लढले. पिलाजीराव गायकवाड दाभाड्यांच्या बाजूने होते. डभई-भिलापूरच्या परिसरातून जाताना मला त्या लढाईइतकीच ती कणसे चोळणारी मूर्ती आठवते.

सातमीच्या दुसऱ्या दिवशी येणारी गोकुळाष्टमी आणि तिच्या पाठोपाठचा गोपाळकाला हेही याच माळेतले. काल्यात काय असते? पोहे, लाह्या, दही, लोणचे, काकडी, डाळिंबाचे दाणे, ओले खोबरे, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र केल्या, एवढीच त्याची कृती. काला करायला चूल लागत नाही, पण चार घरे लागतात.

शेजारचा विस्तव

काडेपेटी स्वस्त होण्यापूर्वी विस्तव उसना मिळत असे, हे आज नातवंडांना सांगितले तर खरे वाटत नाही. रात्री निखाऱ्यावर राख ओढून तो जपायचा. सकाळी विझलेला आढळला तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जायचे आणि पेटती गोवरी घेऊन यायचे. ज्या घराशी भांडण, त्या घराकडे विस्तव मागायला जाता येत नसे. त्यामुळे भांडणे फार दिवस चालवणे परवडतही नसे.

विस्तव उसना मिळे तसे जेवणही दुसऱ्याच्या चुलीवरचे मिळे. शिकायला परगावी आलेल्या गरीब मुलाला स्वतःची चूल मांडणे शक्य नसे. तो वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे. कुणी माधुकरी मागे. या पद्धतीत जातीची कुंपणे होती, अपमानाचे प्रसंगही होते. ती जशीच्या तशी गोड मानण्याचे कारण नाही. ज्यांना कुठल्याच घरी वार मिळत नसे, त्यांच्यासाठी पुढे वसतिगृहे उघडावी लागली. तरीही ज्याला घर नाही अशा मुलाचे पोट सात घरांत वाटून घेता येते, ही कल्पना त्या पद्धतीने समाजात रुजवली.

घरातली चूल सर्वांत जड वाटते ती मृत्यूच्या दिवशी. माणूस घरातून गेले की त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही. शेजारून किंवा भाऊबंदांकडून पिठलं-भात येतो. पिठलंच का, याचे कारण साधे आहे. बेसन घरात असतेच, भाजी आणावी लागत नाही आणि अर्ध्या तासात वीस माणसांचे होते. शिवाय घशाखाली उतरायला मऊ. ज्यांना दिवसभर काही खाववले नाही, त्यांना कुणीतरी पाठीवर हात ठेवून दोन घास घ्यायला लावते.

आपल्या मुलखाबाहेर राहणाऱ्या घरांचा प्रश्न इथे निराळा होता. भाऊबंद कोकणात, देशावर. तार गेली तरी माणूस पोचायला दोन-तीन दिवस. तोवर भात कुणी आणायचा? दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या जुन्या वाड्यांत हा प्रश्न शेजाऱ्यांनीच सोडवला. मराठी घरात दुःख झाले, तर पलीकडच्या गुजराती घरातून खिचडी-कढी येई. त्यांच्याकडे झाले, तर इकडून पिठलं-भात जाई. कुणी कुणाचे अन्न घ्यावे याचे जुने नियम त्या दिवशी बऱ्याच अंशी गळून पडत. या शहरात आपण परके राहिलो नाही याची कारणे दरबारात आणि शाळांत जशी आहेत, तशी त्या झाकलेल्या पातेल्यातही आहेत.

प्रायमस ते नळाचा गॅस

मग चूल बदलली. लाकडाच्या चुलीला वैल असे, म्हणजे एका जाळावर दोन भांडी. तिच्या जागी शहरात कोळशाची शेगडी आली आणि मग स्टोव्ह. स्वीडनमधल्या फ्रान्स लिंडक्विस्टने १८९२ मध्ये पंपाचा प्रायमस स्टोव्ह काढला आणि तो जगभर पसरला. आपल्याकडे प्रायमस हा शब्द कंपनीचा न राहता वस्तूचाच झाला. घासलेट भरायचे, काकडा पेटवून बर्नर तापवायचा, पंप मारायचा, कचरा अडकला की पिन मारायची. पिन हरवली किंवा वायसर गेला की स्वयंपाक बंद. युद्धकाळात आणि नंतरही घासलेटच्या रांगा लागत. डब्याच्या तळाशी घासलेट गेले की आई हिशेब करी, आज भात शिजवायचा की चहा ठेवायचा. त्या दिवसांत फडताळातल्या मेतकुटाची आणि पोह्यांची किंमत कळे.

मुंबईत बर्मा शेलने १९५५ मध्ये सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. बर्शेन हे त्याचे नाव. १९६५ मध्ये इंडेन आला. त्याच साली आपल्या शेजारी कोयलीची रिफायनरी सुरू झाली. तरीही गॅसच्या जोडणीसाठी कित्येक वर्षे नाव नोंदवून वाट पाहावी लागे आणि एकच सिलिंडर असणाऱ्या घरात तो ऐन सणाला संपे. पुढे नळाने गॅस देण्यात बडोदे देशातल्या पहिल्या शहरांपैकी एक ठरले. १९८० च्या सुमारास गच्च्यांवर सौर कुकरच्या काळ्या पेट्याही दिसू लागल्या. उन्हाळ्यात त्यांत वरण-भात सुरेख होई. पण आभाळ भरून आले की त्या निरुपयोगी, आणि चूल बंद पडण्याची वेळ बहुधा तेव्हाच येते.

गॅसने बायकांचे आयुष्य सोपे केले. धूर गेला, डोळे वाचले, सकाळचे दोन तास हाती आले. जुन्या चुलीच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी ती फुंकणाऱ्या बाईला एकदा विचारून पाहावे. पण या सोयीबरोबर एक गोष्ट नकळत घडली. विस्तव पूर्णपणे खासगी झाला. तो आता शेजारून आणावा लागत नाही, म्हणून शेजारी जावेही लागत नाही. भाजायचे काम पाकिटातून येते, म्हणून भडभुंज्याचे दुकान मागे पडले. चूल बंद पडली तर फोनवर जेवण मागवता येते, म्हणून बरण्या रिकाम्या राहिल्या. एरवी याने काही बिघडत नाही. बिघडते ते फोनही बंद पडतो आणि जेवण आणणारा मुलगाही पाण्यापलीकडे अडकतो तेव्हा.

पुरानंतर

२०२४ च्या त्या तीन-चार दिवसांत हे सगळे एकदम समोर आले. अनेक घरांत धान्य होते, पण ते तांदूळ, डाळ आणि कणकेच्या रूपात, म्हणजे विस्तवाशिवाय उपयोगी न पडणारे. ज्यांच्याकडे पोहे, चुरमुरे, डाळे, गूळ, दूध पावडर, खाकरे होते त्यांचे निभावले. अन्नाहून पाण्याचा प्रश्न मोठा होता. पाणी उकळायला गॅस नाही आणि नळाच्या पाण्याचा भरवसा नाही. सातू कालवायचे तरी पाणी स्वच्छ हवेच. आधी उकळून भरून ठेवलेले पाणी हीही बेगमीच, आणि ती फार थोड्यांनी केली होती. मधुमेह असलेल्यांना गोड पुऱ्या आणि सुखडीवर दिवस काढता येत नव्हते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी तर डबा नेऊन देणारा कुणीतरी हवा होता.

मदत झाली. मंदिरे, गुरुद्वारे, मंडळे यांनी भांडी चढवली, तरुण पोरे कमरेएवढ्या पाण्यातून अन्नाची पाकिटे घेऊन गेली. भडभुंज्याची भट्टी आणि शेजारचा विस्तव यांचेच ते आजचे रूप. पण ज्या इमारतीत कोण एकटे राहते हे शेजाऱ्यांना माहीत होते, तिथे मदत लवकर पोचली. जिथे माहीत नव्हते तिथे ती उशिरा पोचली.

म्हणून आपल्या मंडळापुढे दोन साध्या गोष्टी मांडाव्याशा वाटतात. पहिली, आपल्या सभासदांपैकी कोण एकटे राहते, कुणाच्या घरी तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, याची यादी विभागवार करावी आणि प्रत्येक यादीशी एका तरुणाचे नाव जोडावे. दुसरी, घरातल्या ऐंशीच्या पुढच्या आजी-मावशींकडून मेतकूट, डांगर, सातू, दशमी यांची त्यांच्या घरची प्रमाणे लिहून घ्यावीत. प्रत्येक घराचे प्रमाण थोडे वेगळे असते आणि ते बहुधा कुठेच लिहिलेले नसते. पुढच्या श्रावणात एक दिवस, शुद्ध सप्तमी म्हणा की वद्य, घरात चूल न पेटवता सगळ्यांना जेवू घालून पाहावे. व्रत म्हणून करा किंवा सराव म्हणून. मुलांना ते सहलीसारखे वाटेल.

त्या वर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला आली, पूर ओसरून जेमतेम दहा दिवसांनी. कितीतरी घरांत भिंतींची ओल वाळली नव्हती, धान्याच्या कोठ्या उन्हात पडल्या होत्या, शेगड्या दुरुस्तीला गेल्या होत्या. तरी गणपती बसले. जिथे मोदक उकडता आले नाहीत, तिथे खिरापत झाली. खोबरे, खारीक, खसखस, खडीसाखर, खिसमिस. किसायचे, कुटायचे आणि एकत्र करायचे. आरती झाली आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाची खिरापत वरच्या मजल्यावर गेली, जिथे ते चार दिवस राहिले होते.